संपादकांचा पेपर

पत्रकारिता विभागात मला ‘नाक’ म्हणतात. बातमीचा वास मला इतरांच्या आधी येतो, म्हणून. मी ते सगळीकडे खुपसतो म्हणून, असंही काही जण म्हणतात; पण मत्सर हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे.

त्या दिवशी एका मोठ्या दैनिकाचे संपादक नोकरीच्या मुलाखती घ्यायला विभागात येणार होते. जागा एकच. तिच्यासाठी माझी मावसबहीण महिनाभर खपत होती. संपादकांची गाडी आली, चालक खाली चहा पीत बसला, संपादक मात्र वर पोचलेच नाहीत.

“दादा, कुणाला तरी विचारू या का?” बहिणीचा चेहरा उतरला होता.

“विचारतो तो वार्ताहर. शोधतो तो मी.”

जिन्यात मला शर्टाचं बटण सापडलं. बटण म्हणजे झटापट, झटापट म्हणजे अपहरण. संशयित उघड होता: समोरच्या जाहिरात विभागाचे सर. मी बटण त्यांच्यासमोर ठेवलं. सरांनी बटणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि “सकाळपासून शोधतोय, थँक्यू” म्हणत ते खिशात टाकलं. एकुलता एक पुरावा गेला.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चालक हेच संपादक. वेषांतर करून उमेदवार पारखताहेत. मी खाली जाऊन त्यांना माझ्या बातम्यांची फाइल दिली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि विचारलं, “लायसन आहे का?”

तोवर बहिणीने वरचं एकेक दार उघडून पाहिलं होतं. टोकाच्या खोलीत संध्याकाळच्या वर्गाची परीक्षा चालली होती. तिथे पोक्त विद्यार्थीच जास्त. मागच्या बाकावर संपादक.

“मी संपादक आहे म्हणाले,” पर्यवेक्षक बाई शांतपणे म्हणाल्या. “इथे पहिल्या वर्षाचं प्रत्येक पोर तेच सांगतं. मोबाइल काढून घेतला, बसवलं.”

“सर, मुलाखती,” बहीण म्हणाली.

संपादकांनी मान वर केली नाही. “थांबा जरा. बातमीची व्याख्या पाच गुणांना आहे, आणि मला आठवत नाहीये.”

मुलाखतीत त्यांनी तिला तेवढंच विचारलं. तिने घडाघडा सांगितलं. नोकरी तिला मिळाली.

उत्तरपत्रिका गठ्ठ्यात गेली, रीतसर तपासली गेली, आणि संपादक नापास झाले. फेरपरीक्षेला बसायचंच, असा त्यांचा हट्ट आहे. हल्ली बहीण दिवसा त्यांच्या हाताखाली काम करते आणि संध्याकाळी त्यांची शिकवणी घेते.