साडूची डबी

शनिवारी दुपारी चष्म्याचं दुकान बंद करून आलेल्या चष्मेवाल्यांनी गॅलरीतून खाली पाहिलं आणि त्यांच्या पोटात नेहमीच्या ठिकाणी दुखलं. फाटकासमोर साडूची नवी गाडी उभी होती. विजेवर चालणारी, दोन दारांची, लिंबाच्या रंगाची. बुटात पाय घालावा तशा सहजपणे त्यांच्या सासूबाई तिच्या पुढच्या सीटवर जाऊन बसत होत्या. बेकरीवाला साडू दार धरून उभा होता. दार लागलं, गाडी निघाली, आणि निघाली हे फक्त ती तिथे नाही यावरून कळलं.

"बघितलंस? डबी आहे नुसती," चष्मेवाले म्हणाले. "कॅलेंडरची पानं बदलावीत तशी बॅटरी बदलावी लागेल."

"काहीही काय बोलता?" बायको कपडे वाळत घालत होती. "आणि त्या गाडीत काही जळत नाही म्हणे. पेट्रोल नाही, डिझेल नाही, धूर नाही. जळण्याचा प्रश्नच नाही."

 जे जळत होतं ते गॅलरीतच उभं होतं.

खरं तर 'डबी' हे नाव त्यांनीच हिणवण्यासाठी ठेवलं होतं. आठवड्याभरात ते सगळ्या घराने उचललं, तेही लाडाने. "डबी आली का?", "डबीत मावेल का?", "आज डबीला अंघोळ घातली" असं धाकटी मेहुणी फोनवर सांगायची. चष्मेवाल्यांची स्वतःची गाडी लांबरुंद, डिझेलची, सात माणसांची होती. तिला इतक्या वर्षांत कोणी नाव ठेवलं नव्हतं. म्हणजे नावं पुष्कळ ठेवली होती, पण लाडाचं एकही नाही.

सासूबाई तळमजल्यावर राहत. दर शनिवारी त्यांच्या गानवृंदाची तालीम असे आणि त्यांना तिथे नेण्याआणण्याचं काम थोरल्या जावयाकडे होतं. ते काम असताना चष्मेवाल्यांनी त्याबद्दल इतकी कुरकुर केली होती की ते गेल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण डबी आली, सासूबाई धाकट्या जावयाबरोबर जाऊ लागल्या, आणि चष्मेवाल्यांना शनिवार खायला उठला. पुढच्या शनिवारी गानवृंदाचा कार्यक्रम होता. सासूबाई त्यात एकट्याने एक गाणं म्हणणार होत्या. सगळ्या नातेवाइकांसमोर सभागृहाच्या दारात त्या कोणाच्या गाडीतून उतरणार? लिंबाच्या रंगाच्या गाडीतून.

चष्मेवाल्यांनी त्या रात्री जेवतानाच बेत आखला. बेत साधा होता. कार्यक्रमाच्या दिवशी डबी चालवून बघायला मागायची. दिवसभर पळवून तिची बॅटरी तळाशी आणायची आणि ऐन वेळी परत द्यायची. साडू सासूबाईंना घेऊन निघेल, वाटेत डबी मान टाकेल. मागून योगायोगाने आपली मोठी गाडी येईल. "या आई, बसा," एवढंच म्हणायचं. जास्त बोलायचं नाही.

"मलाही अशीच घ्यायचा विचार आहे," त्यांनी साडूला सांगितलं. "एक दिवस चालवून बघतो म्हणतो."

साडूचा चेहरा ओव्हनमधून काढलेल्या पावासारखा फुलला. "अहो दादा, विचारता काय! खुशाल न्या. मला उलट तुमची गाडी द्या त्या दिवशी. सभागृहात खुर्च्या न्यायच्यात. तुमच्या गाडीत काय, अख्खी बेकरी मावेल."

तो मनापासून बोलला, हे चष्मेवाल्यांना जास्त लागलं.

ठरल्याप्रमाणे शनिवारी सकाळी चाव्यांची अदलाबदल झाली. चष्मेवाले डबीत बसले आणि गाडी सुरू होण्याची वाट पाहू लागले. ती मघाशीच सुरू झाली होती. पाय ठेवताच ती पुढे सरकली आणि ते दचकून "ए, थांब!" म्हणाले. त्यांच्या गाडीला असं काही सांगायची वेळ कधी आली नव्हती. तिला "चल" म्हणावं लागायचं.

सकाळभर ते गल्लीबोळांतून गोल गोल फिरले. बॅटरी उतरेना. टेकडीवर चढून गेले तेव्हा आकडा थोडा खाली आला. उतारावर ब्रेक दाबत खाली आले, तर तो पुन्हा वर गेला. खाली येताना डबी खर्चलेल्यातली काही वीज परत मिळवत होती. उतारावर डिझेल वाढल्याचं चष्मेवाल्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांना हा सरळसरळ उद्धटपणा वाटला.

मग त्यांनी एसी लावला. खिडक्या उघडल्या. भर उन्हात दिवे लावले. सीट गरम करायचं एक बटण सापडलं, तेही दाबलं. वरून गार, खालून गरम, अशा अवस्थेत ते बाजारातून जात असताना औषधवाल्याने हात केला.

"अरे वा, नवी गाडी! पलीकडच्या आजोबांचं औषध तेवढं देता का जाता जाता? त्यांच्या बोळात गाडी शिरत नाही हो कुठली."

डबी शिरली. शिवाय आत वळलीसुद्धा. तिथून निघाले तर शिंपी धावत आला. गानवृंदाचे सगळे पोशाख सभागृहात पोचवायचे होते. मागची सीट पाडली आणि पोशाख लांबच्या लांब मावले, इस्त्री न मोडता. सभागृहाजवळ एका खांबाच्या आणि भिंतीच्या मधे, जिथे स्कूटर लावायलाही माणूस दोनदा विचार करेल, तिथे चष्मेवाल्यांनी डबी एका झटक्यात लावली. उतरून त्यांनी दोन्हीकडची जागा पाहिली. मग आपण शीळ घालतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती तोडली.

"काय डौलात चालवताय!" शिंपी म्हणाला. "तुम्हाला शोभते ही गाडी."

"माझी नाही," चष्मेवाले इतक्या जोरात म्हणाले की शिंप्याने हातातले पोशाख सावरले.

अशाने काही होणार नाही हे ओळखून दुपारी ते गावाबाहेरच्या रुंद रस्त्यावर गेले. तिथे मात्र डबी खरी खायला लागली. वेग वाढला की हवा आडवी येते आणि तिला बाजूला सारायला वीज भराभर जाते. गल्लीत तीन दिवस पुरली असती ती बॅटरी तासाभरात ओसरू लागली. चष्मेवाले वेगाने जात, वळत, वेगाने परत येत. बॅटरी किती उरली हे पाहायला ते अधूनमधून समोरच्या आकड्याकडे बघत, आणि इथेच एक बारीकशी अडचण होती.

चष्मेवाल्यांना जवळचं दिसेनासं होऊन बरेच दिवस झाले होते. "चाळिशी उलटली की जवळचा चष्मा लागायचाच, त्यात लाज कसली?" असं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, पण स्वतःचा मात्र खिशातून कधी न काढता औषधाच्या बाटलीवरचं हात लांब करून वाचत. पन्नाशीतही आपले डोळे ठणठणीत आहेत, ही त्यांच्या दुकानाची जाहिरात होती. गाडीत पंचाईत अशी की आकडा हातात धरून लांब नेता येत नाही. डबीत आकडा दहाच्या खाली आला की त्याच्या डाव्या बाजूला विजेची एक वाकडी खूण उमटे. नुसत्या डोळ्यांना ती डिजिटल घड्याळातल्या चारसारखी दिसे.

त्यामुळे संध्याकाळी गल्लीत परतताना समोर आठ होते, ते चष्मेवाल्यांना अठ्ठेचाळीस दिसले.

"अठ्ठेचाळीस!" ते हताश होऊन स्टिअरिंगवर टेकले. एवढ्या विजेत साडू गावाला प्रदक्षिणा घालून येईल. दिवस वाया गेला. बेत फसला. ही गाडी चांगली आहे, हे त्यांना पहिल्यांदाच स्वतःशी कबूल करावं लागलं, आणि त्याने पोटातलं दुखणं दुप्पट झालं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, कुठे आहात? आम्ही दोघी बहिणी सभागृहात आहोत. खुर्च्या कमी पडल्या म्हणून धाकटीच्या नवऱ्याला आणखी एक खेप करावी लागतेय. तुम्ही डबीतच आहात ना? आईला घेऊन या."

चष्मेवाल्यांचा कानावर विश्वास बसेना. "मी? मीच?"

"मग काय डबी एकटी येईल?"

सासूबाई फाटकातच उभ्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून, हातात पाण्याची बाटली. चष्मेवाल्यांनी दार धरलं. साडू धरतो त्यापेक्षा किंचित जास्त उघडून धरलं.

"अगंबाई, आज थोरले जावईबापू!" त्या बसल्या आणि लगेच अर्ध्या उठल्या. "ही सीट गरम का आहे हो? एवढ्या उन्हाळ्यात?"

"राहिली असेल... उन्हात," चष्मेवाले म्हणाले आणि घाईघाईने बटणं शोधू लागले. एसी बंद झाला, रेडिओ लागला, मग तोही बंद झाला.

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या वळणावर डबीने एक बारीक आवाज केला. तिसऱ्यावर दोन.

"काहीतरी म्हणतेय ती," सासूबाई म्हणाल्या. मग त्या पुढे वाकल्या. "इथे दोन लिहिलंय."

"बेचाळीस असेल, आई."

"दोन."

"त्याच्या डावीकडे चार आहे बघा."

"ती वीज आहे. चार कुठला? जावईबापू, मी तुमच्याच दुकानातला चष्मा लावलाय. दोन म्हणजे दोन."

 चष्मा चुकतोय म्हटलं असतं तर दुकानाचं नुकसान होतं. डबी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि एका न्हाव्याच्या दुकानासमोर अगदी शिस्तीत, कडेला घेऊन, थांबली. जशी निघायची तशीच. कळलंच नाही.

त्यांनी साडूला फोन लावला. "तू... ये. लवकर ये. गाडी घेऊन ये."

"कुठली गाडी, दादा?"

"माझी!"

मग दोघं बसून राहिले.  सभागृहात एव्हाना लोक जमले असतील आणि चष्मेवाले साडूसाठी खणलेल्या खड्ड्यात स्वतःच सासूबाईंना शेजारी बसवून उतरले होते.

"आई, माझं चुकलं," ते म्हणाले. का चुकलं हे मात्र सांगितलं नाही.

"असू दे. इथे निवांत तरी आहे. एकदा म्हणून बघते." आणि सासूबाईंनी डोळे मिटून गाणं सुरू केलं.

चष्मेवाले इतकी वर्षं त्यांना तालमीला नेत होते, पण गाणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. सासूबाई वाटेत गुणगुणत असत हे त्यांना दिसायचं, ओठ हलताना. इंजिनापुढे ऐकू काहीच यायचं नाही. आता बंद काचांच्या त्या एवढ्याशा डबीत आवाज कुठे सांडत नव्हता. वरचा सूर जरा कापला, मग सावरला, आणि चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा आला. गाणं संपलं.

"आई, एक विचारू? तुम्ही माझ्याबरोबर यायचं का सोडलंत? या गाडीसाठी?"

"गाडीचं काय मेलं!" सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "दर शनिवारी मी बसले की तुम्ही एक सुस्कारा सोडायचात. तुमचा दिवस मोडतो म्हणून मीच धाकट्यांना विचारलं."

"सुस्कारा? ऐकू यायचा तुम्हाला? त्या गाडीत?"

"त्या गाडीतसुद्धा," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात धडधडत, धूर सोडत मोठी गाडी आली. सासूबाईंनी पदर सावरला आणि उतरता उतरता म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपासून तुम्हीच या न्यायला. याच डबीतून. फक्त येताना चष्मा लावून या."

"कसला चष्मा?" साडूने विचारलं.

"काही नाही. गाणं म्हणून दाखवत होते यांना."

साडू जागच्या जागी थांबला. "कुठलं? आजचं? आई, महिनाभर मी मागे लागलोय! 'कार्यक्रमातच ऐका' म्हणालात मला. आणि दादांना... माझ्याच गाडीत?" त्याने चष्मेवाल्यांकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते चष्मेवाल्यांनी लगेच ओळखलं. त्याची त्यांना चांगली सवय होती.

"कसं म्हणाल्या?" साडूने हळूच विचारलं.

"काय सांगू!" चष्मेवाले म्हणाले आणि खरंच काही सांगितलं नाही. सासूबाईंसाठी मोठ्या गाडीचं दार त्यांनीच लावलं, आणि खिडकीतून आत वाकून साडूला म्हणाले, "वाटेत म्हणायला सांग हवं तर. जरा मोठ्याने."

गाडी धडधडत गेली. न्हावी दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याने केस वाळवायच्या यंत्राची वायर काढून तो सॉकेट मोकळा करून दिला. डबीच्या मागच्या कप्प्यातली वायर तिथवर बरोब्बर पोचली.

"थोड्या वेळात सभागृहापर्यंत जायपुरती होईल," न्हावी म्हणाला. "गाणं चुकेल बहुतेक तुमचं."

"माझं ऐकून झालंय," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खिशातून जवळचा चष्मा काढला आणि लावला. काचेतून आत वीज वेगळी दिसली, एकचा आकडा वेगळा दिसला. मग चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने ते डबीची काच पुसू लागले.

"छोटी आहे, पण कामाची आहे," न्हावी कौतुकाने म्हणाला. "तुमची का?"

"गाडी साडूची," चष्मेवाले काचेवर हाः करून म्हणाले. "शनिवार माझा."