मानमोडे डॉक्टर

शिवलिंगप्पा डॉक्टर कुणालाही भेटले की आधी त्याच्या मानेला नळी लावायचे आणि मग नमस्कार करायचे.

नळी म्हणजे छाती तपासायची, साधी रबरी नळी. बाकीचे डॉक्टर ती छातीवर ठेवतात. हे मात्र जबड्याखाली ठेवायचे, डोळे मिटून घ्यायचे आणि समोरच्याला दीडाचा पाढा म्हणायला सांगायचे, "दिडकी म्हणा." डोकं चालायला लागलं की मेंदूकडं रक्त जास्त पळतं आणि त्याचा आवाज आपल्याला ऐकू येईल, अशी त्यांची आशा होती. एका लग्नात त्यांनी मांडवाच्या दारातच मुलीच्या बापाला धरलं. वऱ्हाड वेशीपर्यंत आलं, वाजंत्री वाजायला लागली, आणि तो बिचारा मान वाकडी करून दिडकी म्हणतोय. तेव्हापासून सोलापुरात त्यांचं नाव पडलं, मानमोडे डॉक्टर.

आम्ही शुक्रवार पेठेत त्यांच्या माडीवर राहायला गेलो, तेव्हा मी नुकतीच तिशी ओलांडली होती. आमचे हे शाळेत मास्तर. सामान अजून टांग्यातच होतं आणि डॉक्टरांनी ह्यांची मान धरली. उजवी बाजू ऐकून झाली. डावीकडं नळी ठेवल्यावर मात्र त्यांनी ती लवकर उचललीच नाही. दिडकी ऐकायचीसुद्धा त्यांना आठवण राहिली नाही. नळी काढून एवढंच म्हणाले, "गुरुजी, झटक्यानं उठत जाऊ नका." आम्ही वर जाऊन पोटभर हसलो.

डॉक्टर साठीचे, अंगानं किरकोळ, एकटे. घरात मूलबाळ नाही, बाई नाही. मुंबईला शिकलेले, पण बोलणं सगळं अक्कलकोटकडचं, मधूनच कानडी. मला ते अक्का म्हणायचे. मेंदूविषयी बोलायला लागले की त्यांना आपल्या गावचं पाणी आठवायचं. "डोकं म्हंजे उंचावरची पेठ हाय, अक्का. नळाचं पाणी सगळ्यात शेवटी तितं पोचतं. आणि तक्रार सगळ्यात आधी तितनंच येती की." माझ्या पोळ्या लाटून होईपर्यंत हे व्याख्यान चालायचं.

गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, कांदासुद्धा जपून खाणारे. आणि हा माणूस खाटकाकडून बकऱ्याची मुंडकी विकत आणायचा. विणकरांच्या आळीतून लुगड्याचा लाल रंग मागून आणायचा, मुंडक्याच्या मानेतल्या शिरेत तो पिचकारीनं भरायचा आणि मग कवटी फोडून रंग कुठवर गेला ते बघत बसायचा. पहिलं मुंडकं घरात आलं त्याच दिवशी स्वयंपाकीणबाई निघून गेल्या. समाजातले चार लोक समजवायला आले, तर डॉक्टरांनी त्यांच्याच माना तपासल्या. रोगी कमी झाले. विलायतेहून टपालानं येणारी जाड मासिकं मात्र थांबली नाहीत. ती वाचून ते परसातल्या भिंतीवर कोळशानं शिरांची चित्रं काढायचे, आणि माझं धुणं वाळत घातलं की चिडायचे, कारण ओल्या धोतरांनी मेंदू पुसला जायचा.

असं हसण्यावारी दीडेक वर्ष गेलं.

एके दिवशी मिलचा दुपारचा भोंगा व्हायच्या आधीच टांगा दारात आला. शाळेचा शिपाई ह्यांना धरून उतरवत होता. खाली वाकून खडू उचलला, ताठ उभे राहिले, आणि बोलता बोलता वाचा गेली, असं तो सांगत होता. उजवा हात ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. मी विचारलं, काय होतंय? हे माझ्याकडं बघून म्हणाले, "कुलूप." पुन्हा विचारलं, तर पुन्हा "कुलूप." आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं आणि तेच मला बघवत नव्हतं.

डॉक्टर अनवाणी धावत आले. त्यांनी ह्यांना माडीवर नेऊ दिलं नाही, खालीच ओसरीवर उताणं निजवलं आणि पाय माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेवर ठेवले. डोक्याखाली काही नाही, नुसती फरशी. आम्ही वाट बघत बसलो. थोड्या वेळानं उजव्या हाताचं एक बोट हललं, मग मूठ वळली, आणि हे हळूच म्हणाले, "पाणी द्या." मी आनंदानं त्यांना उठवून बसवलं आणि भांडं तोंडाला लावलं. भांडं हातातून पडलं. हात पुन्हा गेला, वाचा पुन्हा गेली.

डॉक्टरांनी मला काही बोल लावला नाही. ह्यांना परत निजवलं आणि म्हणाले, "आता कळलं. पाणी चढंना झालंय."

दुसऱ्या दिवशी माढ्याहून मोठे भाऊजी आले आणि येताना कॅम्पातल्या एका मोठ्या डॉक्टरांना घेऊन आले. शेती सांभाळून ज्यांनी धाकट्या भावाला शिकवलं, ते हे भाऊजी. मोठ्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजला, जीभ बघितली, आणि सांगितलं की रक्त डोक्यात चढलंय, ते उतरवायला हवं. डोकं उंच ठेवा, संध्याकाळपर्यंत कानशिलांना जळवा लावा. शिवलिंगप्पा डॉक्टर मध्ये बोलायला लागले, रक्त जास्त झालेलं नाही, कमी पडतंय, मानेतला डावा नळ अरुंद झालाय, नळीतून त्याचा घरघर आवाज येतो. मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, की मानेच्या आतलं हे यांनी कुठं पाहिलं? आमचे डॉक्टर खरं बोलणारे. म्हणाले, बकऱ्यात. मोठे डॉक्टर हसलेही नाहीत, टोपी घालून निघून गेले.

भाऊजींनी माणूस पाठवून जळवावाल्याला बोलावणं धाडलं. स्वतः दोन उशा आणल्या आणि ह्यांच्या डोक्याखाली सारल्या. मी बाजूला बसून ह्यांच्याशी बोलतच होते. आदल्या दिवसापेक्षा शब्द बरे येत होते, शाळेतल्या कुठल्याशा मुलाबद्दल हे सांगत होते. उशा सारल्या आणि वाक्य मध्येच तुटलं. बोटं माझ्या हातातून सुटली. पुन्हा तेच, "कुलूप."

भाऊजींनी ते पाहिलं नाही, ते दाराकडं बघत होते. मी पाहिलं.

मी परसात गेले. डॉक्टर कोळशाच्या चित्रांसमोर उभे होते. मी विचारलं, तुमची खात्री आहे का?

"न्हाई, अक्का," ते म्हणाले. "खात्री त्या डॉक्टरास्नी हाय. मला न्हाई." मग भिंतीवरच्या एका वर्तुळावर बोट ठेवून त्यांनी समजावलं, की मेंदूच्या बुडाशी असा गोल रस्ता आहे, एका बाजूचा नळ तुंबला तर दुसऱ्या बाजूचं रक्त त्या रस्त्यानं फिरून येऊ शकतं. पण त्याला वाट करायला वेळ लागतो. तेवढा वेळ मिळायला हवा, आणि तोवर रक्ताचा थेंबही कमी व्हायला नको. "मी चुकत असंन. पर उशी ठेवल्यावर काय झालं ते तुमी बघितलं की."

मी आत आले. जळवावाला ओसरीच्या कडेला मडकं ठेवून बसला होता. मडक्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं होतं. मी ह्यांच्या डोक्याखालच्या दोन्ही उशा काढल्या आणि म्हटलं, "भाऊजी, जळवावाल्याला परत पाठवा."

भाऊजींपुढं मी आजवर मान वर करून बोलले नव्हते.

"उद्या काय झालं, तर त्या मानमोड्याला कोण विचारायचं न्हाय," ते म्हणाले. "सगळे तुला विचारतील."

"विचारू दे," मी म्हटलं. मी ह्यांच्या उशाशी खाली बसले.

पुढचे दिवस कसे गेले, ते सांगता येत नाही. भाऊजी माझ्याशी बोलत नव्हते, पण गेलेही नाहीत. डॉक्टर ओसरीवरच बसून असायचे. नळी लावायचे, ऐकायचे, परत लावायचे. एकदा मध्येच ह्यांचा हात दिवसभर हललाच नाही. त्या दिवशी भाऊजी तुळशीजवळ जाऊन उभे राहिले आणि मी चूल पेटवली नाही. डॉक्टरांनी फक्त ट्रंकेवर आणखी एक घोंगडी घडी करून ठेवली, पाय अजून उंच केले आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

मग हळूहळू फरक दिसायला लागला. पायांखालची घोंगडी निघाली, ट्रंक निघाली. एक दिवस अर्धं टेकून बसवलं, आणि शब्द टिकले. पुढं कधीतरी डॉक्टरांनी ह्यांना उभं केलं. एका बाजूला भाऊजी, एका बाजूला मी. हे उभे राहिले, दम घेतला आणि भाऊजींना म्हणाले, "दादा, पेरणीचे दिवस आहेत. तू इथं काय करतोस?" भाऊजींनी तोंड फिरवून पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. जाताना त्यांनी डॉक्टरांपुढं स्वतःहून मान वाकवली. नमस्कारासाठी वाकवली की तपासायला, ते डॉक्टरांना कळेना. त्यांनी नळी लावून टाकली.

ह्यांचं अक्षर तेव्हापासून जरा वाकडं झालं. फळ्याला फळा म्हणणं काही जमेना, ते त्याला "ते काळं" म्हणायचे. पोरं हसायची. पण हे पुन्हा शाळेत जायला लागले.

मी एकदा सहज डॉक्टरांना म्हटलं, गावभरच्या माना तपासता, स्वतःची कधी ऐकली का? डाव्या बाजूला आवाज येतोय म्हणाले, बरीच वर्षं झाली. तसाच, गुरुजींच्यासारखा. मग खाली बघत, अवघडून बोलले.

"अक्का, एक काम करशीला? सकाळी पाण्याला जाताना मला हाक मारा. आणि माझ्या बायकोचं नाव विचारा. गंगव्वा. बरोबर सांगितलं, तर पुढं जावा."

मी विचारलं, नावच का?

"शब्द जायला लागले तर कुटला आधी जाईल, सांगता येत न्हाई. ह्यो गेला, तर मला लगेच कळायला पायजे."

दुसऱ्या दिवसापासून मी कळशी घेऊन दाराशी थांबून विचारायला लागले. आतून उत्तर यायचं, "गंगव्वा." पहिले काही दिवस तेवढंच. मग एकदा म्हणाले, "गंगव्वा. दुधनी गावची." मग कधी, तिला मराठी येत नव्हती. कधी, हसताना ती तोंडावर पदर धरायची. कधी, प्लेगच्या साथीत गेली, तवा मी मुंबईला परीक्षेला बसलो हुतो. तपासणीला नाव पुरेसं होतं, पण मी कळशी कमरेवर धरून ऐकायची. त्या घरात गंगव्वाबद्दल कुणी काही विचारल्याला किती वर्षं झाली असतील, कोण जाणे.

एका सकाळी माझ्याकडं पाहुणे होते. घाईत मी तशीच पुढं गेले. पाणी भरून परत आले, तर डॉक्टर उंबऱ्यावर बसले होते. आंघोळ झालेली, भस्म लावलेलं, चांगले धडधाकट.

"अक्का," ते म्हणाले, "आज विचारलं न्हाई की."

मी कळशी खाली ठेवली आणि विचारलं.