भागोजीमामाचं कापड

शिवानीने पाठवलेला खोका मी खरं तर न उघडता माळ्यावर टाकायला निघालो होतो. पण शिडी शेजारच्या विनेशने नेलेली होती, म्हणून उघडला. पुढे आळीतल्या चौघांचे सदरे वाया गेले आणि माझ्या आईपुढे मला आयुष्यात कधी नव्हे एवढी मान खाली घालावी लागली, ते सगळं त्या शिडीपायी. (विनेशला हे अजून पटलेलं नाही.)

मी मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीत बसतो. गेटवेची शेवटची बोट किती वाजता, हे दिवसातून चारशे वेळा सांगून सांगून माझं ब्लडप्रेशर इतकं चढलं, की डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या आणि एखादा छंद लावून घ्या. मुलगी, शिवानी, पुण्याला नोकरी करते. तिने गोळीचं काम डॉक्टरांवर सोडलं आणि छंद कुरिअरने पाठवला. कागदावर आणि कापडावर मार्बलिंग करायचा, नवशिक्यांसाठीचा संच.

प्रकार सोपा होता. शेवाळाची पूड घालून पाणी पेजेसारखं दाट करायचं, त्यावर रंगाचे थेंब सोडायचे. ते बुडत नाहीत, पसरतात. काडीने ओढले की पिसासारखी नक्षी उठते, तिच्यावर कागद अलगद टेकवायचा आणि उचलायचा. मी पहिला कागद उचलला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिलो. पन्नाशी उलटेपर्यंत ह्या हातांनी तिकिटं फाडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. दुपारपर्यंत घरातले सगळे कोरे कागद संपले, तेव्हा मी कापडाकडे वळलो.

बायको, मृणाल, त्याच सकाळी चार दिवसांसाठी माहेरी, तळ्याला, गेली होती. घरात मी आणि आई, आवडाबाई. आईचं वय चौऱ्याऐंशी. सगळा जन्म सुकी मासळी विकण्यात गेला, आणि दिवाळीपासून ती खाटेवर होती. तिला आता कशातच गोडी राहिली नव्हती, एक त्या कापडाचा विषय सोडून.

आमच्यात बाईच्या अंगावर शेवटचं कापड माहेरचं पडतं. आईच्या माहेरी, काशीदला, एकटा धाकटा भाऊ उरला होता, भागोजीमामा. दोन वर्षांपूर्वी तो एसटीने स्वतः आला, पाच वार पांढरं मांजरपाट तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, मी आधी गेलो तर तुला कोण आणील? मग दोघांनी चहा घेतला. गेल्या गणपतीत मामा खरोखरच आधी गेला आणि काशीदच्या घराला कुलूप लागलं. तेव्हापासून आई दर अवसेला मृणालकडून ते कापड मागवून घ्यायची, चाचपायची आणि परत ठेवायला सांगायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. कापड आईच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत असतं, हेही ठाऊक होतं. पेटीला गंज धरला म्हणून मृणालने ते कपाटात वरच्या फळीवर हलवलं, एवढं मात्र ठाऊक नव्हतं. (तिने मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. दोन्ही वेळा मी हो म्हणालो होतो म्हणे.) मला वरच्या फळीवर कोरं कापड दिसलं. पडद्यासाठी आणलं असावं, असं मी धरलं. रंगीत पडदे बघून बायको काय म्हणेल, ह्या विचाराने मला गुदगुल्या झाल्या.

कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवा, नाहीतर रंग धरत नाही, असं खोक्यातल्या चिटोऱ्यावर लिहिलं होतं. संचातली तुरटीची पुडी कचऱ्याच्या डब्यात सापडली, रिकामी. टँकरचं पाणी गढूळ आलं होतं, तेव्हा मृणालने जाता जाता ती पिंपात फिरवली होती. आता कुणीही शहाणा माणूस वाण्याकडे गेला असता. पण मी सुक्या मासळीवर वाढलेला. आमच्या घरात जे काही टिकवायचं असेल ते मिठाने टिकवतात. बोंबील टिकतो, बांगडा टिकतो, मग रंगाला काय धाड भरली? मी दोन मुठी खडे मीठ पाण्यात टाकलं.

अंगणात चौफेर विटा मांडल्या, त्यावर मासळी सुकवायची ताडपत्री अंथरून हौद केला आणि कापड हात हात करून टेकवत गेलो. निळा, हिरवा, मध्येच शेंदरी. मग धुवायला घेतलं तर पहिल्या तांब्याबरोबरच रंग निथळू लागला. तेव्हा मी धुणं बंद केलं. रंग जातो तर धुवायचं कशाला, असा साधा विचार. तसंच दोरीवर वाळत घातलं. दिसत मात्र फार देखणं होतं. ते मी आजही कुणापुढेही सांगेन.

चौथ्या दिवशी मृणाल आली. दोरीपाशी थांबली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही.

"हे मामांचं कापड आहे," ती म्हणाली.

आईने जगाकडे एकच गोष्ट मागून ठेवली होती, ती मी पिसांची नक्षी काढून घालवली होती. तिला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. पण तीन दिवसांनी अवस होती. आईने कापड मागितलं आणि मी ते तिच्या हातात दिलं, कारण दुसरं काही देता येत नव्हतं.

तिने ते डोळ्यांजवळ धरलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण शेंदरी रंग त्यातूनही दिसत असावा.

"भागोजीनं आनला तवा पांढरा व्हता," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. शिडी, तुरटी, मीठ, काहीही लपवून ठेवलं नाही. दुपारची पेज तिने परत पाठवली. संध्याकाळी मृणालने हळूच म्हटलं, अलिबागहून अगदी तसंच नवं कापड आणू.

"आनशीला. पन माज्या म्हायेरात हाय कोन ता माज्या अंगावर घालाया?"

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि रडलो. सकाळी आईने मला खाटेपाशी बोलावलं. ती रात्रभर विचार करत होती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"ह्योच घाला. भागोजी इचारील, आवडे, ह्यो काय ग? मी सांगीन, तुजा भाचा. तो पुढं काय न्हाय इचारनार."

तीन महिन्यांनी, एका सकाळी पेज पिऊन झाल्यावर, आई गेली. आम्ही तेच कापड तिच्या अंगावर घातलं. आळीतल्या बायका रडता रडता मध्येच थांबून नक्षी बघत होत्या, आणि एकीने मृणालला दुकान कुठलं म्हणून विचारलं. मला त्या दिवशी, खरं सांगतो, जरा बरं वाटलं. मग रीतीप्रमाणे तिरडीवर पाणी शिंपडलं आणि खांदेकरी निघाले.

मिठाने बोंबील टिकतो, रंग टिकत नाही. स्मशानात पोचेपर्यंत पुढच्या दोघांचे खांदे निळे, मागच्यांचे हिरवे आणि विनेशचा एक कान शेंदरी झाला होता. आईच्या अंगावरचं कापड वाटेत बरंचसं पांढरं झालं होतं, जवळजवळ मामाने आणलं होतं तसं. ते बघून मी विस्तवाशी उभा असताना हसलो. लोकांना वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे सुरूच्या झाडावर बसले होते, पण एक खाली येईना. आईच्या मनात काहीतरी राहिलंय, भटजी म्हणाले, बोला. मी बोलत सुटलो. मामाच्या घराचं कुलूप काढून वर्षातून एकदा तिथे दिवा लावीन. शिवानीचं लग्न तिच्या मनासारखं करून देईन. ब्लडप्रेशरच्या गोळ्या वेळेवर घेईन. ऊन डोक्यावर आलं. कावळे एकमेकांची पिसं साफ करत राहिले.

शेवटी मृणाल पुढे झाली आणि तिने हात जोडले.

"आई, ह्यांचा तो रंगांचा खोका मी आजच माळ्यावर टाकते, आणि शिडी पुन्हा कधी ह्यांच्या हाताला..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तीन कावळे पिंडावर उतरले.

विनेशने त्याच संध्याकाळी, कुणी न मागता, शिडी आणून दिली. माझ्याकडे नाही, मृणालकडे.