पिंपळशेंडे साहेबांची दाढ

सरकारी धान खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र होतं, पण त्याचे सेल ग्रेडर पिंपळशेंडे साहेबांच्या रेडिओत होते. त्यामुळे धान वाळलं की नाही, हे साहेबांची दाढ ठरवायची. दाणा कट्कन वाजला तर वाळलेला, चिकटला तर ओला.

त्या वर्षी सरकारने हमीभावावर बोनस जाहीर केला आणि दाढ भलतीच नाजूक झाली. एटापल्लीच्या जंगलातल्या त्या गावात एकाही शेतकऱ्याचं धान तिला वाळलेलं लागेना. नाकारलेलं धान फाटकाबाहेर बसलेले शेटजी पडत्या भावात उचलत, वजनासाठी वर पाणी शिंपडत आणि संध्याकाळी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर केंद्रात आणत. तेव्हा मात्र दाढ तक्रार करत नसे. बोनसमध्ये तिचाही वाटा होता.

एके दिवशी गावातल्या बुधरीने धान आणलं. जोडीतला एक बैल पावसाळ्यात मेला होता, आणि सरकारी भाव मिळाला तरच दुसरा येणार होता. तिने धान खळ्यावर पायांनी उलटंपालटं करून आठवडाभर वाळवलं होतं. साहेबांनी दाणे चावले आणि सवयीने मान हलवली.

"ओलं हाय, बाई. घेऊन जा."

ओसरीच्या खांबाला गावचा गायता पोचू टेकून बसला होता. गावाचं देवाधर्माचं तोच पाहायचा.

"साहेब, आमच्याइथी एक रीत हाय," तो म्हणाला. "पंडुम, म्हंजे नव्या पिकाचा सण, होयाच्या आधी नवं धान कोनी खाल्लं, त त्यानं गावाले बकरा द्या लागते. नवं पयले देवाचं. कडक दाणा वाजते, माणूस थुंकते, त्याचं काई नाई. ओला चिकटते आन पोटात जाते. तुमचं का झालं?"

साहेबांनी सकाळपासून अर्ध्या गावाचं धान ओलं ठरवलं होतं. प्रत्येकाचा एक बकरा धरला, तर त्यांना नोकरी सोडून बकऱ्याच राखाव्या लागल्या असत्या.

"वाजलं," साहेब म्हणाले.

"मंग वाळलं हाय," बुधरी म्हणाली आणि तिने पोतं सरळ काट्यावर ठेवलं.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. सकाळी परत पाठवलेले, पण शेटजींना अजून धान न विकलेले सगळे पोती घेऊन पुन्हा आले, आणि दर पोत्यामागे अख्खं गाव कान देऊन बसलं. धान खरोखरच वाळलेलं होतं. दाढ वाजत राहिली, थुंकून थुंकून साहेबांच्या तोंडाला कोरड पडली, आणि फाटकाबाहेर शेटजींचा चेहरा उतरत गेला.

संध्याकाळी शेटजींची, आदल्या दिवशी उचललेल्या धानाची गाडी आत आली. साहेबांनी दाणे तोंडात टाकले आणि चावले. काहीच ऐकू आलं नाही. थुंकायला गेले तर लगदा टाळूला चिकटला आणि घाबरून त्यांनी तो गिळला.

"आवाज नाई आला, साहेब," पोचू हळूच म्हणाला.

"ओलं हाय," साहेब म्हणाले. त्या हंगामातला हा त्यांचा पहिला खरा निर्णय होता. मग शेटजींना बाजूला घेऊन बकऱ्याचं तेवढं तुम्हीच पाहा, असं त्यांनी विनवलं. शेटजींनी दात खाल्ले, पण हंगाम अजून बाकी होता, म्हणून बकरा आणवला. धानाची गाडी तशीच परत गेली.

रस्सा झकास झाला होता. पत्रावळीवर बसल्यावर साहेबांना हायसं वाटलं. "गायताभाऊ, आता ते पंडुम लवकर उरकून टाका," ते म्हणाले.

पोचूने शांतपणे हाडूक चोखलं. "पंडुम? ते त मागच्याच हप्त्यात झालं."

साहेबांचा घास दाढेखालीच थांबला. "मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलंच नाई, साहेब. मी रीत सांगितली. बकऱ्याचं तुमीच मनावर घेतलं."

बुधरीने त्यांच्या पत्रावळीवर आणखी एक तुकडा वाढला. "घ्या, साहेब. मऊ हाय, चावा लागत नाई."

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत पिंपळशेंडे साहेबांचा रेडिओ कुणी ऐकला नाही.