बापूकाकांचा चुकलेला नकाशा

उत्तरेतल्या आमच्या तीर्थक्षेत्री रामघाटच्या गल्लीतले शेजारी बापूकाका मोबाइलच्या नकाशाशी भांडतात. नुसते कुरकुरत नाहीत, चांगले हातवारे करून भांडतात. आठवड्यातून दोन-तीनदा नाशिकचं, साताऱ्याचं एखादं कुटुंब बॅगा ओढत त्यांच्या दारात येतं. "धर्मशाळा हीच ना?" काका पाहुण्यांच्या हातातल्या फोनवर ओरडतात, "अरे गधे, हे माझं घर आहे!" गधा फोनला म्हटलेलं असतं, पण यात्रेकरू दचकतात.

धर्मशाळा दोन गल्ल्या पलीकडे. काका पाहुण्यांना स्वतः पोचवतात, तेही लांबच्या वाटेनं. वाटेत पान थुंकणाऱ्याला हटकतात, "भैया, ये दीवार तुम्हारी ससुराल है क्या?" उघड्या गटारापाशी थांबून महापालिकेवर भाषण देतात. मग हळूच विचारतात, "गाव कोणतं? पाऊसपाणी कसं आहे तिकडे?"

मला एकदा म्हणाले, "काय ग्रॅज्युएटबाई, एवढं शिकलीस, साधा नकाशा सुधारता येत नाही?"

मला लागलंच. वडील वेदशाळेत आचारी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याच दिवशी मोबाइलवर सूचना पाठवून धर्मशाळेची खूण जागेवर नेली. आठवड्यात ती परत काकांच्या दारात! पुन्हा हलवली, पुन्हा परत. असं तीनदा झालं.

"डिग्री तपासून घे एकदा," काका म्हणाले. "आपल्याला बुवा फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही."

तो तरी कितीदा वाजतो? काकू गेल्या, मुलगा बंगळुरात. रविवारी नातू "दादाजी, प्रणाम" म्हणतो, की संपलं. घरात मराठी बोलायला उरलं कोण?

परवा काकांनी फोन माझ्या हातात दिला. "अक्षरं मोठी करून दे गं." मी चष्मा सावरतेय तोवर पडद्यावर संदेश उमटला: 'धर्मशाळेची जागा बदलण्याची तुमची सूचना मान्य झाली आहे. धन्यवाद!'

मी वर पाहिलं. काका दाराकडे बघत होते. उंबऱ्यापाशी पाण्याचा भरलेला तांब्या, शेजारी चार पेले.

मी अक्षरं मोठी करून फोन परत दिला. नकाशाला त्यानंतर हात लावलेला नाही.

फोन काकांच्या हातात जातोय, तेवढ्यात गल्लीतल्या फरशीवर बॅगेची चाकं खडखडली.

"आणलं वाटतं गध्यानं कुणाला!" काका उठले, आणि दाराकडे जाता जाता त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.