शून्य प्रलंबित

आमची कंपनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करते. आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट पाच महिन्यांपासून बंद आहे. या तीन वाक्यांत कुणाला काही वावगं दिसत असेल, तर त्या भाग्यवंताने आयुष्यात नोकरी केलेली नाही, एवढंच मी म्हणेन.

मी तक्रार निवारण विभागाची प्रमुख. मला सातवा महिना आहे आणि जिन्याला चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत. मोजायची सवय मला आधीपासूनची. पूर्वी लोकांच्या चुका मोजायचे, आता पायऱ्या. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे, एकोणसाठाव्या पायरीवर, पोटातलं बाळ रोज एक लाथ मारतं. बाळाची ही तक्रार मी अजून नोंदवून घेतलेली नाही.

लिफ्ट बंद का, तर नियम नऊमुळे. "कंपनीच्या स्वतःच्या लिफ्टचे काम, बाहेरील सर्व ग्राहकांच्या तक्रारी निकाली निघाल्याखेरीज हाती घेऊ नये." किती त्यागी नियम आहे! वार्षिक सभेत तो वाचून दाखवला तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या. टाळ्या मी घेतल्या, कारण नियम मीच लिहिला होता. ऑफिसात मला माघारी कलमबाई म्हणतात. पुढ्यात कुणी म्हणत नाही, त्यासाठीही एक नियम आहे.

पण माझी खरी कीर्ती नियम चौदामुळे. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि एक्केचाळीस तक्रारी माझ्या गळ्यात मारून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच रागात मी एका बैठकीत लिहून टाकलं, "दीर्घ रजेवर जाणाऱ्याने आपल्याकडे शून्य तक्रारी प्रलंबित असल्याचा दाखला अर्जासोबत जोडावा." त्यानंतर दोघींवर ती वेळ आली. एकीने राजीनामा दिला. दुसरी टेबलावरून थेट प्रसूतिगृहात गेली, शेवटचा ग्राहक फोनवर ताटकळत होता. तिचा उल्लेख मी अहवालात 'निष्ठा' या सदरात केला. मला त्या वर्षी पितळेची ढाल मिळाली. हल्ली ती टेबलाखाली असते. पाय सुजले की तिच्यावर ठेवते, गार लागते.

तर, डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, मग पुन्हा मोजला आणि चष्मा काढून ठेवला.

"काम काय करता?"

"लोकांच्या बंद लिफ्टच्या तक्रारी घेते."

"आणि ऑफिसला जाता कशा?"

"जिन्याने."

बाईंनी कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "हे बघा, चेष्टा पुरे. हा आकडा असाच राहिला तर तुम्हालाही धोका आहे आणि बाळालाही. जिने बंद, ऑफिस बंद. आजपासून घरी."

त्यांनी तसं लिहूनही दिलं. "जिने चढण्यास सक्त मनाई. सबब पूर्ण विश्रांती." तो कागद पोहोचवायला मी चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून ऑफिसात गेले.

साहेबांना मनापासून आनंद झाला. "अरे वा! कितवा?"

"सातवा."

"म्हणजे अजून दोन महिने आहेत की हातात!"

"साहेब, डॉक्टर म्हणाल्या, आजपासूनच."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "मी माणुसकीच्या आड येणारा माणूस नाही. पण नियम चौदाचा दाखला कुठाय?"

"नियम मीच लिहिलाय, साहेब."

"म्हणून तर मोडवत नाही! काय भाषा आहे! एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही."

खरं सांगते, मला तेव्हासुद्धा बरं वाटलं. स्तुती ऐकली की माझं डोकं चालत नाही.

माझ्याकडे त्रेसष्ट तक्रारी प्रलंबित होत्या. म्हणजे विश्रांती मिळवण्यासाठी आधी दुप्पट काम करणं आलं. घरी सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "अगं, तू नाही गेलीस तर ऑफिस काय पळून जाणार आहे का? पोटुशी बाई तू, जरा जिवाला जप की!" नवरा म्हणाला, "बाळालाही विचारून घे, दाखला मिळेपर्यंत थांबतंय का." दोघांनाही मी सांगितलं की तुम्हाला कार्यपद्धती कळत नाही. हे वाक्य बोलताना मी भिंतीला धरून उभी होते.

अकरा दिवसांत साठ तक्रारी निकालात काढल्या. एक आजोबा फोनवर ओरडले, "तीन आठवडे जिना चढतोय मी, कुणाला काही पडलंय का?" मी म्हटलं, "आजोबा, माझा पाचवा महिना आहे." ते एकदम वरमले. "बाळंतपणाचा का?" "नाही, जिन्याचा. बाळंतपणाचा सातवा." त्यांनी बिचाऱ्यांनी तक्रार मागे घेतली. तीही मी निकालात धरली.

माझ्या मदतीला चिमणी होती, माझी सहायक. हळू बोलते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. ती माझ्यासाठी पाणी आणायची, फायली लावायची आणि मधूनच तोंडाला रुमाल लावून बाहेर पळायची. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. विचारायला वेळ कुणाला होता?

बाराव्या दिवशी दुपारी बाहेरची शेवटची तक्रारही संपली. यादीत एकच ओळ उरली, आमची स्वतःची लिफ्ट. मिस्त्रींना फोन करायला हात पुढे केला, तोच फोन वाजला. नवीन ग्राहक, नवीन तक्रार. ती मिटवते तोवर दुसरी आली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की नियम नऊ पाळला, तर ही लिफ्ट सृष्टीच्या अंतापर्यंत सुरू होणार नाही. जगातल्या सगळ्या लिफ्ट एकाच वेळी चालू असायला हव्यात, तेव्हा आमची पाळी!

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. हातातली नवीन तक्रार तासाभरात उरकली आणि पुन्हा फोन वाजायच्या आत आमच्या लिफ्टच्या तक्रारीवर "दुरुस्ती समाधानकारक, लिफ्ट सुस्थितीत" असं लिहून सही ठोकली. साक्षीदार म्हणून चिमणीची सही घेतली. ती नुकतीच जिना चढून आली होती, धापेमुळे तिची सही वाकडी आली. शून्य प्रलंबित! दाखला जोडला, अर्ज दिला आणि घरी जाऊन पाय वर करून झोपले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आपल्याच स्वाक्षरीनुसार कार्यालयाची लिफ्ट सुस्थितीत आहे. सबब आपणांस जिने चढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वैद्यकीय दाखल्यातील कारण संपुष्टात आल्याने रजाही उद्भवत नाही. त्वरित हजर व्हावे." उत्तराचा नमुनाही माझाच. 'उद्भवत नाही' हा माझा लाडका शब्द.

मी हजर झाले. होय, झाले. सासूबाई दारात आडव्या उभ्या होत्या, त्यांच्या बाजूने वाट काढून गेले. एकोणसाठाव्या पायरीशी थांबले. लाथ आली नाही. अजून थोडा वेळ थांबले, तरी आली नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी तिथेच पायरीवर बसले. मी घाबरले. इतकी घाबरले की मला एकही नियम आठवेना.

मागून चिमणी येत होती. तिने पाणी पाजलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि वर बघून अशी काही ओरडली की तिला चिमणी कोण म्हणालं असा प्रश्न पडावा. साहेब हातातल्या नियमावलीसकट धावत खाली आले. तेवढ्यात आतून एक लाथ बसली, नेहमीपेक्षा जोरात. मी तिथेच ढसाढसा रडले.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "बाई, नियम तुमचे, दुरुस्तीचा अधिकार तुमचा. हा घ्या पेन. नऊ आणि चौदा, दोन्ही खोडा आणि घरी जा. मी सही करतो, आत्ता, इथेच."

मी पेन घेतलं. दोन रेघा मारायच्या होत्या, बस्स. पण नियम गेला की ढालही गेली. शिवाय मनात आलं, मी अकरा दिवस मरमर मरून साठ तक्रारी निपटल्या, आणि यापुढच्यांनी काय आयत्या बिळावर नागोबा व्हायचं? मी दोन्ही नियमांखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सदर नियम नियमकर्तीस लागू नाहीत." साहेबांनी सही केली.

चिमणी अजून माझा हात धरून बसली होती. हळूच म्हणाली, "ताई, यात माझंही नाव घालता येईल का? मलाही दोन महिने झालेत."

"अर्ज कर," मी म्हटलं. "बघू."

लिफ्ट त्याच संध्याकाळी सुरू झाली. साहेबांना माझ्यापायी एकाच दिवसात दोनदा जिना चढावा लागला होता. माझ्याकडे येणाऱ्या नव्या तक्रारी चिमणीकडे गेल्या. मुलगी झाली, सुखरूप आहे, रडते मात्र नियमाप्रमाणे दर दोन तासांनी.

सहा महिन्यांनी मी कामावर रुजू झाले. पहिलाच दिवस, आणि उशीर झालेला. लिफ्टमध्ये शिरले, आरशात केस सारखे केले. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला चिमणी दिसली. आठवा महिना, सुजलेले पाय, एका हातात फायलींचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातात तोच अर्ज. "ताई, थांबा! ताई, एक सही!" ती तिला जमेल तितकं धावत होती.

लिफ्टमध्ये दोन बटणं शेजारी शेजारी असतात. एक दार उघडं ठेवण्याचं, एक दार लावण्याचं. मी लावण्याचं दाबलं.

आता माझ्या नावाने बोटं मोडू नका. तुम्हीही रोज लिफ्टने जाता, आणि कुणीतरी रोज "थांबा, थांबा" म्हणत धावत येतं. तेव्हा तुमचं बोट कुठल्या बटणावर असतं, ते आम्हाला माहीत आहे. दार लावण्याचं बटण सगळ्यात आधी झिजतं. आम्ही तेच तर बदलत फिरतो.