पुराव्यादाखल एक वेल

पुएब्ला शहरात जुन्या बाजारामागच्या चाळीत, जिन्याखालच्या खोलीत दोन्या तोमासा, म्हणजे आपल्याकडच्या तोमासाबाई, राहत होत्या. त्या खोलीत ऊन येत नसे. समोरच्या भिंतीवर ऊन दिसलं की दुपार झाली असं समजायचं, एवढाच त्यांचा उन्हाशी संबंध.

त्या वर्षी नगरपालिकेने 'हिरवं दार' नावाची योजना काढली. प्रत्येक दारात एक जिवंत रोप हवं. जिथे रोप जगत नाही तिथे माणूसही जगू शकत नाही, हे उघड आहे. सबब अशी खोली राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी करावी आणि तीत योजनेच्या कुंड्या ठेवाव्यात, असा ठराव झाला. कुंड्या ठेवायला पालिकेकडे जागा नव्हती.

दोन्या तोमासांकडे मिरचीच्या लोणच्याचा एक रिकामा डबा होता. त्यात त्यांनी पालिकेने सुचवलेलं जिरेनियम लावलं. जिरेनियमने एकदा वर पाहिलं, आकाश दिसेना, तेव्हा मान टाकली. मग गुलाब लावला. तो लावता लावताच गेला. झेंडूने मात्र चिकाटी दाखवली. तो रविवारपर्यंत टिकला.

पालिकेचे निरीक्षक बेरुमेन साहेब डब्यात डोकावले. "पुढच्या खेपेला हेच दिसलं तर सामान बांधा."

"साहेब, ह्याच खोलीत मी मुलं वाढवली. ती जगली की!"

"मुलं योजनेत धरलेली नाहीत."

वरच्या मजल्यावरची दोन्या कुका कठड्याला रेलून ऐकत होती. तिच्या कठड्यावरून एक वेल थेट खालपर्यंत लोंबत होता. तारेसारखा लांबच लांब जातो म्हणून तिकडे त्याला टेलिफोन म्हणतात. साहेब गेले तशी ती खाली उतरली.

"काय गं कोमाद्रे, माझे सखे, सावलीत लावायचं ते विकतचं? अक्कल गहाण टाकलीस का? अंधारात चोरलेलंच जगतं. माझा टेलिफोन बघ. बहिणीच्या सासूकडून उचललाय!"

"मग दे की मला एक फांदी."

"दिली तर चोरी कशी होईल? मरेल ना ती!"

"मग कधी चोरू?"

"गुरुवारी मी चर्चमध्ये असते. कात्री कठड्यावर ठेवून जाईन. आणि गाठीच्या खाली काप, बावळट. नाहीतर नुसती पानं घेऊन जाशील."

गुरुवारी ठरल्याप्रमाणे चोरी झाली. दोन्या तोमासांनी खिळ्याने डब्याच्या बुडाला भोकं पाडली, तळाशी फुटक्या कौलाचे तुकडे घातले, वर कुजलेल्या पानांची भुसभुशीत माती भरली आणि वेलाची गाठ तीत दाबली. पाणी बेताचंच दिलं. काही दिवसांनी मक्याच्या पोळीच्या, तोर्तियाच्या, सुरळीसारखं एक कोवळं पान वर आलं. चाळीत दालचिनीची कॉफी वाटली गेली.

साहेब आले. पान पाहून खूश झाले. "वा! कुठून आणलंत?"

"चोरलं," दोन्या तोमासा अभिमानाने म्हणाल्या.

साहेबांचं पेन थांबलं. "चोरीचा माल योजनेत बसत नाही. परत करा. आणि खोली रिकामी करा."

"अहो, मीच दिलाय तो तिला!" दोन्या कुका वरून ओरडली.

"गप्प बस!" दोन्या तोमासा किंचाळल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी वेलाची पानं झाकली. "ऐकेल ना तो!"

सगळ्या चाळीने छातीवर क्रूस काढला. साहेबांनीही काढला, आणि मग ते घामाघूम झाले. भेट म्हणावं तर रोप मरतं. चोरी म्हणावं तर योजना मरते. शेवटी त्यांनी मार्ग काढला: चोरी असेल तर रीतसर तक्रार हवी.

दोन्या कुका ठाण्यात जाऊन ढसाढसा रडली. पानांचं वर्णन तिला आठवेना, म्हणून सांगायला आरोपीला बरोबर नेलं होतं. हवालदाराने कायदा वाचून आदेश दिला: पुरावा जिथे सापडला तिथेच राहील, निकाल लागेपर्यंत आरोपीने तो जिवंत ठेवावा आणि खोली सोडून कुठेही जाऊ नये.

आणि तिथल्या कोर्टात निकाल नातवंडांच्या हाती पडतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यापुढे रांग लागली. "माझ्यावरही गुन्हा घ्या हो! माझीही खोली अंधारी आहे!"

"आधी चोरी करून या," हवालदार ओरडला. "नुसतं आरोपी व्हायला आलेत!"

पुढे बेरुमेन साहेब पुराव्याच्या तपासणीला आले. वेल तोवर जिन्यावर चढला होता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, नमुना म्हणून एक फांदी गाठीखाली कापली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली. त्यांचं कार्यालय तळघरात होतं.

"साहेब, लिहून देऊ का? राजीखुशीने दिली म्हणून?" वरून दोन्या कुकाने विचारलं.

साहेबांनी खिशावर हात दाबला. "हळू बोला बाई! ऐकेल तो."

तुम्ही हसताय. हसा. तुमच्याकडे ह्याच वेलाला मनी प्लांट म्हणतात. आता एवढंच सांगा, तळमजल्यावरच्या वहिनी आल्या की तुम्ही न्हाणीघराच्या खिडकीतली ती बाटली पडद्यामागे का सरकवता?